रिक्षातून अनोळखी जागी सोडलंत, त्याबद्दल

प्रिय ताई,

वयानं तुम्ही माझ्याहून बऱ्याच लहान, पण पहिल्या दिवसापासून तोंडात ताईच बसलंय, ते तसंच राहू द्या. समोर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांदेखत लिहिते आहे. माझ्यासारखं नजर कमी झालेलं कुणी वाचत असेल, तर पांढऱ्या काठीनं एकट्यानं चालायचंही शिक्षण असतं हे त्यांना कळेल.

मला ते कळायला अकरा वर्षं लागली. रेटिनायटिस पिगमेंटोझाचं, म्हणजे नजरेचा घेर हळूहळू आवळत नेणाऱ्या डोळ्यांच्या आजाराचं निदान झालं, तेव्हा डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "इलाज नाही, जपून राहा." जपून म्हणजे कसं, ते कुणी सांगितलं नाही. मी जपले, म्हणजे घरात बसले. आधी रात्रीचं बाहेर पडणं सुटलं, मग मंडई, मग लग्नकार्यं. समोरचं नीट दिसायचं. तक्त्यावरची बारीक अक्षरं वाचायचे, सुईत दोरा ओवायचे. पण बाजूचं काहीच नाही, नळीतून बघावं तसं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दृष्टीचा घेर ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी धरतात. जिन्याची शेवटची पायरी चुकून पडले, तेव्हा शेजारी म्हणाले, "बघून चालावं हो." त्यांना हे अंश कसे समजावणार होते मी?

तुम्ही पांढरी काठी दिलीत, ती मी आठवडाभर पिशवीतच ठेवली. दिसतंय की मला, मग काठी कशाला? तुम्ही वाद घातला नाहीत. एवढंच म्हणालात, "जमिनीचं काम काठीला द्या, म्हणजे डोळे वर बघायला मोकळे राहतील." तोवर माझी नजर कायम पायांपाशी असायची आणि डोकं दुकानाच्या अर्धवट उघड्या शटरवर आपटायचं. पुढे एकदा बसमध्ये काठी मांडीवर ठेवून मी मोबाइल वाचत होते, तेव्हा मागून कुणी तरी म्हणालं, "नाटकं बघा." त्या दिवशी मी तुमच्यापुढे रडले. तुम्ही रडू दिलंत आणि मग म्हणालात, "उत्तर द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. काठी मात्र परत पिशवीत जायची नाही."

छातीच्या मधल्या हाडापर्यंत येईल एवढी काठी, हात बेंबीसमोर, टोकाची कमान खांद्यांहून जराशी रुंद. डावा पाय पुढे पडताना टोक उजवीकडे. तुमच्या संस्थेच्या व्हरांड्यात डोळ्यांवर पट्टी बांधून मी हे किती वेळा केलं असेल! पाय आणि काठी एकाच बाजूला जायचे, तुम्ही थांबवायचात, पुन्हा पहिल्यापासून. एकदाही आवाज चढला नाही. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूव्हर यांनी ही लांब काठीची पद्धत बसवली, हे तुम्हीच सांगितलंत. पण ती आमच्या शुक्रवार पेठेला बसवलीत तुम्ही. पदपथावर दुचाक्या लावलेल्या असल्या की कुठे खाली उतरायचं, कडेकडेनं किती पावलं जायचं आणि पुन्हा वर कुठे चढायचं, हे आधी स्वतः चालून बघितलंत. चौकात समोरून आडव्या जाणाऱ्या गाड्या थांबल्या म्हणून लगेच निघायचं नाही. आपल्या बाजूनं समांतर जाणाऱ्यांनी जोर धरला की तेव्हा निघायचं, आणि तरी डावीकडे वळणाऱ्या दुचाकीला कान द्यायचा. माझ्या मुलालाही शिकवलंत: आईला दंड धरून ढकलायचं नाही, तिनं तुझं कोपर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे राहायचं. हे घरोघरी शिकवायला हवं.

आणि तो रिक्षाचा दिवस. मुद्दाम चार वळणं जास्त घ्यायला लावून एका गल्लीत उतरवलंत. "इथून शनिवारवाड्याला या. मी मागे आहे, पण बोलणार नाही." तेव्हा तुमचा राग आला होता, आज कबूल करते. घशाला कोरड पडली. मग तुम्ही सांगितलं होतं तसं नुसती उभी राहिले आणि ऐकलं. ठक्‌ ठक्‌ ठक्‌. एक हातोडी नव्हे, दोन-तीन, प्रत्येकीचा सूर वेगळा. लोखंड असं वाजत नाही, तांबं वाजतं. तांबट आळी! माझ्या माहेरचा बंब इथूनच आणलेला. सकाळचं ऊन पाठीवर घेतलं, म्हणजे तोंड पश्चिमेला. पुढे शिवाजी रस्त्याच्या बसचा आवाज येईपर्यंत चालत राहायचं. एकदा चुकले, एका भाजीवाल्या मावशींना विचारलं. एरवी दहा मिनिटांची वाट, मला चाळीस लागली. वाड्याच्या भिंतीला हात लागला आणि मागून तुमचा आवाज आला, "चहा घेऊया?"

चाळीस मिनिटं तुम्ही गप्प राहिलात. माझं पाऊल खड्ड्याच्या काठावर गेलं तेव्हा मागे तुमची चप्पल थबकल्याचं मी ऐकलं होतं. तरी बोलला नाहीत, आणि खड्डा काठीनं शोधला. माझ्या माणसांनी अकरा वर्षं मायेनं हात धरला. हात सोडून मागे उभं राहणारं तुमच्याआधी कुणी भेटलं नव्हतं.

आता एक विनंती. दिवाळीत फराळाला या, अंधार पडल्यावरच या. मंडईच्या मेट्रो स्थानकावर उतरा. घर शोधत बसू नका. फरशीवरच्या, काठीला लागणाऱ्या उठावाच्या पिवळ्या पट्ट्यांशेजारी उभ्या राहा, मी न्यायला येते.

तुमची,
शुक्रवार पेठेतली विद्यार्थिनी