बाळीचा बाप्तिस्मा झाला

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम. परवा रविवारी बाळीचा बाप्तिस्मा झाला, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकलेत पण फोटोत काय कळणार, म्हणून बसून लिहितोय. तू फोनवर विचारलंस ना, हे तुमचं बारसं का म्हणून? नाही रे, नाव तर आम्ही दुसऱ्या महिन्यातच ठेवलं होतं. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यानं चर्चमध्ये सामील करून घेणं.

झालं असं, पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, आधी आम्हा दोघांना विचारलं, हिला ख्रिस्ताच्या मार्गात वाढवाल का, आम्ही होय म्हटलं. मग ते आमच्या पाठीमागे बसलेल्या सगळ्या मंडळीकडे, म्हणजे चर्चच्या लोकांकडे, बघून म्हणाले, तुम्ही या आईबापांना साथ द्याल का? सगळे उभे राहिले, बाकं कुरकुरली आणि मागून एकदम "होय" आलं. लहानपणापासून दुसऱ्यांच्या पोरांसाठी हे होय मी कितीदा म्हटलंय, तोंडपाठ असल्यासारखं. पण पुढं उभं राहून पाठीवर ते ऐकलं ना, अंगावर काटा आला बघ. मग पाळकसाहेबांनी ओंजळीतलं पाणी तीनदा तिच्या कपाळावर सोडलं, पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं. एक थेंब कानाकडे ओघळला, आईनं पदरानं टिपला. बाळी रडली नाही रे, नुसती बघत राहिली.

बायकोच्या माहेरचे म्हणत होते मोठी झाल्यावर तिलाच ठरवू दे. आमची मंडळी अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ ला कोल्हापुरात आले तिथपासूनची, प्रेस्बिटेरियन पंथाची, पुढं १९७० ला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झालं, त्यात लहानपणी किंवा मोठेपणी बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती चालतात. पण मी हट्टच धरला. मला वाटतं आधी मंडळीनं तिला आपली म्हणावं, मग मोठी झाली की दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः कबूल करायच्या विधीच्या, वेळी ती स्वतः होय म्हणेल. माझंही तसंच झालं की. दहावीच्या सुट्टीत पाळकसाहेबांकडे क्लास, दहा आज्ञा, विश्वासांगीकार (आमच्या श्रद्धेची कबुली) सगळं पाठ, आणि मग पहिलं प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. बाबाच ट्रे घेऊन बाकाबाकातून येत होते. माझ्यापुढं थांबले, भाकरीचा तुकडा दिला, छोटा प्याला दिला, आणि पुढच्या माणसाकडे गेले. घरी काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना मला पहिलं वाढायला लावलं आईला.

बाबा घरात वडील आणि चर्चमध्येही वडील, हे तुला माहितीये. प्रेस्बिटर म्हणजे ग्रीकमध्ये वडीलधारा माणूस, त्यावरूनच आमच्या चर्चचं नाव पडलं, कारण मंडळीचा कारभार बिशप नाही तर पाळक आणि निवडलेले वडील मिळून बघायचे. बाबांनी तेवीस वर्षं बघितला.

फेब्रुवारीत ते गेले तेव्हा तुला येता आलं नाही, त्याचं मनात धरू नकोस. संस्कार आम्ही दोनच मानतो, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, त्यामुळं अंत्यविधी हा संस्कार नाही, ती उपासनाच असते, पण खरं सांगू, त्या दिवशी मला त्यानंच धरून ठेवलं. बायबलातलं तेविसावं स्तोत्र वाचलं, गाणी म्हटली, पेटी खांद्यावर घेणारे सगळे त्यांच्याबरोबर ट्रे फिरवलेले वडील होते. माती टाकताना माझा हात थांबला तर शेजारच्या काकांनी नुसता मनगटाला हात लावला. मग आठवडाभर घरात चूल पेटली नाही, रोज कुणाचा ना कुणाचा डबा, पिठलं भाकरी, आमटी भात, आणि संध्याकाळी घरी प्रार्थना. माझ्या लग्नाला लोटलेली तीच माणसं.

आणि परवा होय म्हणाली ती पण तीच. बाबांच्या बाप्तिस्म्याला असेच कुणीतरी उभे राहिले असणार, त्यांतलं आता कुणी नाही.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी रजिस्टर काढलं. बाळीचं नाव, तारीख, आईबाप, सगळं शाईनं लिहिलं. मी विचारलं बाबांचं पान बघू का, तर म्हणाले जुनं रजिस्टर कपाटात आहे, पुढच्या रविवारी काढून ठेवतो. आई पण येणार आहे बघायला. तू नाताळला येशील तेव्हा तुलाही दाखवतो, बाबांच्या बाकावर तुझी जागा धरून ठेवतो.

वहिनींना सलाम, पोरांना पापा.

तुझाच,
शाळेतला बाकसोबती