पिकअपवरचा ‘16 के’ आकडा बघून भुलू नका

संपादक साहेब, स.न.वि.वि.

मी उद्यमबागेत मोटर रिवायंडिंगचं काम करतो आणि गेली वीस-बावीस वर्षं सीझनला ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, तेव्हा हे पत्र तांब्याच्या तारेबद्दल आहे म्हणा नाहीतर गाण्याबद्दल आहे म्हणा, दोन्ही चालेल. तुमच्या पुरवणीत मोबाईल कुठला घ्यावा, गाडी कुठली घ्यावी यावर पान भरून येतं. पण इकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गल्लीगल्लीत पोरं इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसल्यात आणि त्यांना पिकअप, म्हणजे गिटारच्या तारांखालचा आवाज उचलणारा भाग, कसला घ्यावा हे मराठीत सांगणारं कुणी नाही. पोरं ऑनलाईन बघतात, आकडा मोठा दिसला की ऑर्डर.

आमचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. मागच्या रविवारी दुकानात आला, मोबाईल पुढं धरून म्हणतो, मामा हे बघ की, सोळा के आहे, लई हॉट, माझ्या गिटारमधला आठच आहे, म्हणजे डबल पॉवर. मी टेबलावर पडलेली साडेसातची पंपाची मोटर दाखवली आणि म्हणलं, मीटर लाव हिला आणि ओहम बघून किती एचपीची ते सांग बघू. गप्प बसला.

तो ‘के’ म्हणजे किलोओहम, नुसता आतल्या तारेचा रेझिस्टन्स. पिकअप म्हणजे काय, तर लोहचुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तार, वर स्टीलची स्ट्रिंग हलली की तारेत करंट उठतो. तार बहुतेक वेळा 42 एडब्ल्यूजीची (तारेच्या जाडीचा नंबर), म्हणजे साधारण 0.06 मिलिमीटर, डोक्याच्या केसाएवढी, आमच्या धंद्यातल्या तारेपुढं अगदीच कोळ्याचं जाळं. तीच तार आणखी बारीक घेतली की तेवढ्याच टर्नला, म्हणजे वेढ्यांना, रेझिस्टन्स वाढतो, आकडा फुगतो, आवाज तेवढा वाढत नाही. वरनं तांब्याचा रेझिस्टन्स तापमानानं बदलतो, दर डिग्रीला साधारण 0.4 टक्के, म्हणजे डिसेंबरच्या थंडीत 8 के दाखवणारा पिकअप एप्रिलच्या दुपारी 8.4 के दाखवतो. पिकअप हॉट झाला का? नाही, बेळगाव हॉट झालं.

खरा औटपुट ठरतो टर्न किती, चुंबक कसला आणि पिकअप गिटारच्या तारांच्या किती जवळ बसवलाय यावर. चुंबकात अल्निको आणि सिरॅमिक हे दोन नेहमीचे, अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचं मिश्रण, त्यात पण नंबर असतात आणि 2 नंबर 5 पेक्षा मऊ वाजतो. आता टर्न वाढवले की व्होल्टेज वाढतं हे खरं, पण टर्न दुप्पट केले की इंडक्टन्स साधारण चौपट होतो आणि इंडक्टन्स वाढला की वरचा आवाज, म्हणजे ती तारेची चमक, खाली सरकते. कमी औटपुटचा सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा पिकअप) साध्या केबलवर 4 हजार हर्ट्झच्या आसपास चमकतो, एकदम हॉट हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) 2 हजारावर येऊन थांबतो. मधला आवाज जाड होतो, वरचा जातो. काही गाण्यांना तेच पाहिजे असतं, पण गेलेली चमक ॲम्पवरचं ट्रेबल फिरवून परत येत नाही, नुसती खरखर वाढते.

मग हे हॉट पिकअप आले कशाला? गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाचा इंजिनिअर होता, त्यानं 1955 ला हंबकरच्या पेटंटचा अर्ज टाकला, पुढं काही वर्षं त्या पिकअपच्या खाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं स्टिकर असायचं म्हणून लोक त्याला पीएएफ म्हणतात. त्या काळात वायंडिंग बरंचसं अंदाजानं व्हायचं, टर्न कमीजास्त, कुठला 7 के तर कुठला 9 के (आमच्या दुकानातला नवीन पोरगा असाच वाइंड करतो, पण त्याला कोण विंटेज म्हणत नाही). पीएएफ हा आजच्या हिशोबानं कमी ते मध्यम औटपुटचा. पुढं 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला डिमार्झिओ कंपनीचा सुपर डिस्टॉर्शन नावाचा पिकअप आला, सिरॅमिक चुंबक, 13 के च्या वर. तेव्हाच्या ॲम्पमध्ये गेन, म्हणजे सिग्नल वाढवायची ताकद, कमी असायचा, ॲम्पच्या व्हॉल्व्हमधून आवाज फाडायचा तर गिटारमधूनच जोराचा धक्का द्यावा लागायचा, म्हणून त्याची गरज होती. आज दीड-दोन हजाराच्या पेडलमध्ये पाहिजे तेवढा गेन मिळतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ज्याला सगळं वाजवायचंय त्यानं कमी किंवा मध्यम औटपुटचा घ्यावा, जोर नंतर वाढवता येतो.

हे मला पण ठोकर खाऊनच कळलं. काही वर्षांपूर्वी मी असाच एक 16 के चा सिरॅमिक हंबकर बसवला आणि खानापूर तालुक्यात गणपतीच्या प्रोग्रामला गेलो. पहिलं गाणं भावगीत, नुसतं बोटानं हळू वाजवायचं होतं. हळू वाजवलं तरी तेवढंच, जोरात वाजवलं तरी तेवढंच, सगळं एका पट्टीत चेपलेलं. गाणारी ताई मागं वळून बघायली. साउंडवाला अण्णा तिकडनं ओरडतो, स्वल्प कडिमे माड्री, म्हणजे जरा कमी करा, म्हणून मी गिटारचा व्हॉल्यूम सहावर आणला तर आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा. आणि गिटार लावली होती थेट मिक्सरला! मिक्सरचा लाइन इनपुट साधारण 10 हजार ओहमचा, साध्या पिकअपला तो म्हणजे खिशाला भोकच, उरलीसुरली चमक पण त्यानं खाल्ली. तिथं डीआय बॉक्स, म्हणजे गिटार आणि मिक्सरच्या मधे लावायची डबी, पाहिजे, तो पण ॲक्टिव्ह, 1 मेगा ओहमवाला. ही गोष्ट इकडच्या निम्म्या साउंडवाल्यांकडं नसते आणि मग पोरं समजतात पिकअप खराब, आणि त्याच्यापेक्षा हॉट आणतात.

आमच्या भागातल्या बेंजो पार्टीवाल्यांना हे आपोआप माहीत असतं बरं का. बेंजोच्या तारांखाली पण पिकअपच असतो आणि तो जास्त वर घेतला की आवाज लांबत नाही, चुंबक तार ओढून धरतो, सूर डगमगतो. आमच्या गल्लीतले एक काका मिरवणुकीच्या आधी पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून पिकअपची उंची लावायचे, पुठ्ठा कुठला तर खाली झालेल्या कुंद्याच्या बॉक्सचा.

आणखी एक घोळ. हंबकर म्हणजे हाय औटपुट असं पोरं धरून चालतात. हंबकरचं काम घूं घूं बंद करणं. दोन कॉइल, एक उलटी गुंडाळलेली, तिचा चुंबक पण उलटा, त्यामुळं लाइटची 50 हर्ट्झची गुणगुण एकमेकात कटते आणि तारेचा आवाज तेवढा जमा होतो. मंडपात एलईडीच्या माळा, डिमर, जनरेटर, सगळं एकाच लाइनवर असतं, तिथं सिंगल कॉइल घेऊन उभं राहणं म्हणजे माशांचं मोहोळ खिशात ठेवून उभं राहणं. तेव्हा हंबकर जरूर घ्या, पण 7-8 के चा पण हंबकरच असतो.

हाय औटपुट वाईट असं मी म्हणत नाही. मेटल वाजवणारी पोरं आहेत, खालच्या तारेवर हात ठेवून टकटकटक वाजवतात, त्यांना तो घट्टपणा लागतो, त्यांनी खुशाल घ्यावा. 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप तर लांब केबलला आणि मिक्सरला पण दाद देत नाहीत, फक्त बॅटरी नेमकी सोलोला बसते.

भाच्याला मी म्हणलं, पैसे घालायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर घे. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून बघितलं तर त्याचा पिकअप तारेला जवळजवळ टेकला होता. दोन्ही बाजूंनी एकेक फेरा खाली घेतला, मग वाजवलं, परत अर्धा फेरा. आवाज थोडा कमी झाला पण एकेक तार सुटी ऐकू यायला लागली, त्याचं त्यालाच हसू आलं. मग गिटारचं मागचं झाकण उघडलं तर हंबकरला 250 के चा पॉट (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा भाग) लावलेला, तिथं 500 के पाहिजे, तो बदलला की चमक आणखी वाढते आणि खर्च पिकअपच्या पासंगालाही पुरत नाही.

एवढं करून पण पठ्ठ्यानं तो 16 के मागवलाच. म्हणतो ब्रिजला (तारा बांधतात त्या टोकाला) हॉट लावतो, नेकला (गळ्याच्या बाजूला) जुना राहू दे, ब्रिजपाशी तार कमी हलते म्हणून तिथं थोडा जास्त औटपुट चालतो. त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण जुन्याशेजारी एवढा हॉट म्हणजे थोडा नव्हे, स्विच टाकला की आवाज दणकन उडी मारणार. पार्सल बुधवारी येणार आहे, सोल्डरिंग मलाच करायचं आहे. तुमच्या पुरवणीत या विषयाला अर्धं पान दिलंत तर दोन्ही पिकअपचे फोटो आणि मीटरचं रीडिंग मी स्वतः आणून देतो.

आपला,
एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव