'वेड्यांचे गाव' कोणाचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला बेल्जियममधल्या गील गावावरचा लेख वाचला. लेख चांगला, मथळा वाईट. 'वेड्यांचे गाव'! शेकडो वर्षे मनोरुग्णांना घरात ठेवून घेणारे ते लोक त्यांना 'बोर्डर' म्हणतात, म्हणजे घरी राहणारा-जेवणारा, असे तुमच्याच लेखिकेने तिसऱ्या परिच्छेदात लिहिले आहे. मथळा देणाऱ्याला तिथवर पोचायला सवड झाली नसावी.

पण पत्राचे कारण ते नाही. 'आपल्याकडे असे घडणे शक्य नाही' हे शेवटचे वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही.

माझी आत्या कुरुंदवाडची. तिच्या धाकट्या दिराला, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ऐन पंचविशीत स्किझोफ्रेनिया झाला. तेव्हा हा शब्द घरात कोणाला माहीत नव्हता. 'बाहेरचं आहे' म्हटले की सगळे मोकळे. पहिल्याच पावसाळ्यात त्यांना दोन दिवस गोठ्यात दाव्याने बांधले होते. हेही लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटायचे मी नुसती आरती ओवाळतेय. मिरजेच्या डॉक्टरांनी आत्याला चांगलेच झापले. दावे परत म्हशीच्या गळ्यात गेले आणि तात्या माजघरात आले. पुढची चौतीस वर्षे ते तिथेच होते.

आत्या दत्ताची. पौर्णिमा चुकली नाही, नृसिंहवाडी चुकली नाही. कोणी म्हणाले, 'येरवड्याला ठेवा की', तर तिचे एकच उत्तर, "महाराजांनी धाडलंय दाराशी, मी कुठं परत पाठवू?" तात्यांना गोळी म्हणजे विष वाटे, कोणाच्या हातून घेत नसत. आत्या पूजा आटोपली की त्यांच्या उजव्या तळहातावर आधी गोळी ठेवायची आणि वर पळीभर तीर्थ. 'श्रीगुरुदेव दत्त' म्हणून ते गिळून टाकत. फसवाफसवी नव्हती, गोळी आहे हे दोघांनाही ठाऊक. महिन्याचे इंजेक्शन मात्र मिरजेलाच, एसटीने, जाताना एक आणि येताना एक चहा ठरलेला.

२०१९ च्या पुरात बोट दारात आली तर तात्या जिन्यावरून हलेनात. महाराजांचे पाणी आलेय, दक्षिणद्वार आहे, म्हणे. (पुराचे पाणी वाडीच्या देवळात शिरून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडते, त्या वेळचे पवित्र स्नान.) जवान ओरडतायत, पाणी पायरी चढतेय. आत्या शांतपणे म्हणाली, "स्नान झालं, आता पालखी निघायची वेळ." मुकाट्याने बोटीत बसले. पुढे पूरग्रस्तांच्या छावणीत रात्री ते पुटपुटत बसले म्हणून चार शहाण्यांनी 'याला बाजूला ठेवा' असा गलका केला. त्यांना शाळेच्या व्हरांड्यात काढले. सत्तरी उलटलेली आत्याही सतरंजी घेऊन व्हरांड्यात.

तेव्हा घडते, साहेब. फक्त त्याच्यावर पुरवणी निघत नाही.

आत्या गेल्यावर काय झाले तेही ऐका. आतेभावाने तात्यांना पुण्याच्या फ्लॅटवर आणले. अडीच महिन्यांत सोसायटीचे पत्र, लेटरहेडवर, 'महिला व लहान मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करता'. तात्यांनी काय केले होते? लिफ्टमध्ये भेटेल त्याला नमस्कार. मग संस्था शोधल्या. एकीकडे रांग, दुसरीकडे 'सहा महिन्यांनी घरी न्याल असे लिहून द्या'. आता आहेत एका खासगी ठिकाणी, सहा जणांच्या खोलीत. मी गेले की विचारतात, "पालखी निघाली का?"

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १९ म्हणते की घरच्यांनी नाकारले किंवा घरच नाही, एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही. त्यांच्यासाठी समाजात राहण्याची सोय सरकारने करायची. सोय कुठे आहे, हे विचारायला तुमच्या प्रतिनिधीला बेल्जियमला जावे लागले नसते. राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, त्यातले एक तर पुण्यातच.

गीलबद्दलही अर्धेच छापलेत. संत डिम्फ्नाच्या चर्चमध्ये नऊ दिवसांच्या उपासनेला मनाने आजारी माणसे येत, जागा पुरेना म्हणून गावकऱ्यांनी घरी नेली, इथवर ठीक. पण आज त्या कुटुंबांना रोजचा भत्ता मिळतो, घरी नर्स येते, पाठीशी मोठे रुग्णालय आहे. हे लेखात एका ओळीत आटोपले. १९३८ च्या सुमारास तिथे साडेतीन हजारांवर बोर्डर होते, आज ती संख्या शे-दोनशेवर आली आहे. शेती कमी झाली, बायका नोकरीला लागल्या. म्हणजे संत तीच, देऊळ तेच, पण घरात दिवसभर माणूस हवे ना! आत्याला भत्ता सोडा, इंजेक्शनच्या दिवशी एसटीत बसायला जागा मिळाली तरी पुष्कळ होते.

आपल्याकडे श्रद्धा म्हटले की दोनच गोष्टी छापतात, चमत्कार नाहीतर तामिळनाडूतले दर्ग्याचे गाव एरवाडी. २००१ मध्ये तिथे साखळदंडात अडकवलेले २८ मनोरुग्ण जळून गेले, ते विसरावे असे कोण म्हणेल? पण तीर्थाबरोबर गोळी देणारी बाई या दोन्ही रकान्यांत बसत नाही, म्हणून ती तुम्हाला दिसत नाही.

जाता जाता एक. त्याच लेखाच्या खाली, त्याच पानावर, 'करणी, भूतबाधा, वशीकरण, २४ तासांत उतारा, फोनवर संपर्क' अशी चौकट आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तुम्हीच त्याच्यावर अग्रलेख लिहिले होते. जाहिरात विभाग बहुधा दुसऱ्या मजल्यावर असेल.

मागच्या वेळी माझ्या पत्रातली निम्मी वाक्ये कापली होती. या वेळी कापायचीच असतील तर गीलची कापा, आत्याची राहू द्या.

कळावे,
आपली एक जुनी वाचक, मिरज