बुसानमधील अनोळखी सुहृदांचे आभार

दक्षिण कोरियातील बुसान शहरातल्या एका प्राथमिक शाळेत इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका म्हणून मी आले, तेव्हा मला कोरियन लिपीतील एक अक्षरही ओळखता येत नव्हते. उरलेले अन्न, प्लास्टिक आणि काच वेगवेगळी कुठे टाकायची आणि बाकीच्या कचऱ्यासाठी पालिकेच्या कोणत्या पिशव्या विकत घ्यायच्या (ही पद्धत तिथे १९९५ पासून देशभर आहे), हे इमारतीतील ज्या आजींनी माझा हात धरून केवळ खुणांनी समजावले, त्यांचे नावही मला ठाऊक नाही.

शाळेच्या भोजनगृहातील मावशींचे ऋण तर त्याहून मोठे आहे. किमची या आंबवलेल्या भाज्यांच्या कोरियन लोणच्यातही बहुधा खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा अर्क असतो हे कळल्यावर, शाकाहारी असल्यामुळे मी नुसता भात खाऊ लागले होते. दोनच दिवसांनी माझ्या ताटात तोफू आणि तिळाच्या तेलातील पालक वेगळा वाढलेला दिसला, आणि पुढे वर्षभर त्यात एकदाही खंड पडला नाही.

ऐन जानेवारीत खोलीची जमीन तापवणारी ओंदोल यंत्रणा बंद पडली, त्या संध्याकाळी दाराशी विजेची गादी ठेवून गेलेल्या शेजाऱ्यांचे आणि १३४५ या परदेशी रहिवाशांच्या मदतवाहिनीवर धीर देणाऱ्या ताईंचेही मी मनःपूर्वक आभार मानते.