समुपदेशनातला उपदेश काढून घेणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

सोलापूरच्या तुमच्या समुपदेशन केंद्रात सगळे तुम्हाला मॅडम म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून बाई म्हणालो आणि तुम्ही ते चालवून घेतले, कारण शाळेत हयात घालवलेल्या माणसाच्या तोंडी आदराचा दुसरा शब्द लवकर येत नाही. आभाराचे पत्र खरे तर पाकिटात घालून हाती द्यायचे असते. पण समोर कोणी आभार मानू लागले की तुम्ही चहाचे विचारता आणि विषय बदलता, हे मी अनेकदा पाहिले आहे. शिवाय नोकरी सांभाळून समुपदेशनाच्या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या माझ्यासारख्यांना यातले काही उपयोगी पडेल, असे वाटल्याने हे पत्र उघड लिहीत आहे. तुमचे नाव मात्र कोठेही लिहिलेले नाही. ते तुम्हाला चालले नसते.

२०२० साली टाळेबंदीत वर्गशिक्षक म्हणून मुलांच्या घरी फोन करताना गणिताच्या गृहपाठापेक्षा इतर गोष्टीच अधिक कानांवर पडू लागल्या, आणि त्यांना काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. तेव्हा पंचेचाळिशी ओलांडल्यावर मी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. तेथे कोणत्याही शाखेची पदवी चालत असल्यामुळे माझे गणित आड आले नाही. दुसऱ्या वर्षी चिकित्सा, समुपदेशन आणि औद्योगिक मानसशास्त्र यांतून एक विशेष विषय निवडायचा होता. मी समुपदेशन घेतले. पुस्तके इंग्रजीत होती, ती शब्दकोश उशाशी ठेवून वाचली, परीक्षा दिल्या, गुणही बरे मिळाले. खरी अडचण पुढे आली. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम केल्याचा अहवाल द्यायचा होता, आणि देखरेख करायला कोणी तयार होईना. एका रुग्णालयात ‘दूरशिक्षण’ हा शब्द ऐकताच माझी फाईल न उघडता परत आली. दुसऱ्या ठिकाणी, सही हवी असेल तर देतो, पण बसायला जागा नाही, असे सांगण्यात आले. ती सही मी घेतली नाही याचे श्रेय मात्र मी घेऊ नये, कारण घेण्याचा मोह मला झाला होता.

तुम्ही प्रमाणपत्रे पाहिली नाहीत. तुम्ही फक्त विचारले, “गुरुजी, तुम्ही किती वेळ गप्प बसू शकता?” एकोणीस वर्षे बोलण्याचाच पगार घेतलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, आणि बहुधा तेच उत्तर धरून तुम्ही मला रविवारी यायला सांगितले.

माझे पहिले व्हर्बॅटिम मी अजून जपून ठेवले आहे. समोरच्याच्या संमतीने झालेला संवाद शब्दाला शब्द लावून कागदावर उतरवायचा आणि आपण कोठे काय बोललो ते मार्गदर्शकासमोर तपासायचे, अशी ही पद्धत आहे. तिच्यापुढे परीक्षेचा पेपर सोपा वाटतो, कारण पेपरात आपण काय जाणतो ते दिसते आणि येथे आपण कसे आहोत ते दिसते. त्या कागदावर माझी सतरा वाक्ये होती आणि त्यांतल्या बारा वाक्यांखाली तुमच्या लाल पेन्सिलीची रेघ होती. “असे मनाला लावून घेऊ नका”, “वेळ हेच औषध असते”, “माझ्याच घरचे उदाहरण सांगतो”. शेवटच्या वाक्याखाली तुम्ही दोन रेघा मारल्या होत्या. आपल्या भाषेने या कामाला नाव देताना ‘उपदेश’ हा शब्द पोटात ठेवला, त्यामुळे पाटी वाचून येणारा उपदेश घ्यायला येतो आणि शिकणाराही तो द्यायलाच बसतो. आपले निम्मे कष्ट हा शब्द विसरण्यात जातात, असे तुम्ही त्या दिवशी म्हणालात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी, समोरच्यात बदल घडायला काय लागते ते सांगताना, १९५७ मध्ये मांडलेल्या अटींतील समानुभूती, विनाअट स्वीकार आणि सच्चेपणा या तिन्हींवर मी परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती. परंतु तुमच्याकडे आलेल्या एक बाई बोलता बोलता थांबल्या, पदर बोटाला गुंडाळत राहिल्या, आणि त्यांचे पुढचे वाक्य येईपर्यंत तुम्ही जवळजवळ दोन मिनिटे काहीही न बोलता तशाच बसून राहिलात, तेव्हा त्या पानांचा अर्थ मला लागला. (त्यांच्या परवानगीने मी कोपऱ्यात बसलो होतो, आणि घड्याळाकडे पाहत होतो, हेही कबूल करतो.)

याहून मोठे ऋण भाषेचे आहे. अँग्झायटी, डिप्रेशन, ग्रीफ हे शब्द मी पुस्तकांतून उचलले होते आणि त्यांच्या जागी चिंता, नैराश्य, शोक असे शब्द ठेवले म्हणजे मराठीत काम करता येईल, असे धरून चाललो होतो. आमच्या पंढरपूर तालुक्यातला माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. त्याचे मन लागत नाही, जिवाला गोड वाटत नाही, काळजात धस्स होते, पोटात खड्डा पडतो, डोके भणभणते. तुम्ही मला एक वही घालायला लावली. येणाऱ्याने वापरलेला शब्द त्यात जसाच्या तसा लिहायचा, त्याचे शुद्धलेखनही सुधारायचे नाही, आणि पुढच्या भेटीत तोच शब्द वापरून विचारायचे. गणिताच्या शिक्षकाला चुकीचे शुद्धलेखन तसेच ठेवणे जड जात नाही, पण समोरच्याच्या शब्दाऐवजी आपला शब्द न घालणे फार जड गेले.

त्याच वहीत ‘जीव नको झालाय’ हे शब्द तीन वेगवेगळ्या माणसांच्या नोंदींत आले. आपल्याकडे हे वाक्य उन्हाने हैराण झालेला माणूसही म्हणतो आणि खरोखर टोकाला गेलेला माणूसही म्हणतो. दोघांतला फरक चेहऱ्यावरून ओळखू येईल अशी माझी समजूत होती. ती तुम्ही मोडून काढलीत आणि सरळ विचारायला शिकवलेत: “जीव नको झालाय म्हणता, तेव्हा जीव द्यावा असे मनात येते का? कसे, ते ठरवले आहे का?” विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे मला पुस्तकातून माहीत होते, तरी पहिल्यांदा विचारताना माझा आवाज कापला. त्या गृहस्थांनी ‘हो’ म्हटले. पुढे मानसोपचारतज्ज्ञांना फोन करण्यापासून घरच्यांना त्यांच्या संमतीने बोलावण्यापर्यंत सगळे तुम्ही केलेत, आणि मला फक्त त्यांच्या शेजारी बसवून ठेवलेत. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे त्या दुपारी मला समजले.

मर्यादांबाबत तुम्ही कधीच सूट दिली नाहीत. एका रोल प्लेमध्ये तुम्ही चौदा वर्षांची मुलगी झाला होतात आणि “कोणाला सांगणार नाही ना?” असे विचारताच मी “मुळीच नाही” म्हणालो. तुम्ही तेथेच भूमिका सोडलीत. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. तेव्हा मुलाला असे वचन देणे म्हणजे आपण मोडणार आहोत ते वचन देणे होय, आणि आधीच वचन मोडलेल्या मोठ्यांच्या रांगेत आपण आणखी एक जाऊन उभे राहतो. त्या दिवसापासून मी गुप्ततेची हद्द पहिल्याच भेटीत सांगतो. एम.ए. झाल्यावर पाटीवर ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ लिहायचे नाही, त्यासाठी वेगळे शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, निदान आणि औषध आपल्या कक्षेत येत नाही, हेही तुम्ही इतक्यांदा बजावलेत की पाटी रंगवणाऱ्यालाही मी ते ऐकवले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये कार्तिकी वारीच्या तोंडावर एसटीचा संप झाला आणि माझे सोलापूरला येणे अडले. मोटारसायकलने मी एक रविवार सोडून एक येत राहिलो. मधल्या आठवड्यांत तुम्ही रात्री नऊनंतर फोनवर माझी व्हर्बॅटिमे ऐकून घेतलीत. त्या सगळ्या महिन्यांची फी मी तीनदा विचारली आणि तीनही वेळा तुम्ही चहाचे विचारलेत.

आता मागे वळून पाहताना एक गोष्ट मनाला लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे असे अभ्यासक्रम दूरशिक्षणातून बंद केले. आरोग्याशी संबंधित काम घरबसल्या शिकता येऊ नये, ही भूमिका मला पटते, कारण तुम्ही भेटला नसतात तर माझ्या हाती पदवी आली असती आणि सतरांपैकी बारा वाक्ये तशीच राहिली असती. पण खेड्यातला पंचेचाळिशीचा शिक्षक नोकरी सोडून दोन वर्षे शहरात राहणार कसा, हा प्रश्न उरतोच. देखरेखीची सोय तालुक्यापर्यंत आणली असती तर दार बंद करावे लागले नसते, असे माझे मत आहे. तुमचे मत वेगळे असल्याचे मला ठाऊक आहे आणि त्यावर आपले भांडण अजून पुरे झालेले नाही.

शाळेच्या फलकावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवला आहे. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ग्रंथालयाशेजारची खोली मला मिळते. तुम्ही सांगितल्याप्रमाणे खुर्च्या समोरासमोर न ठेवता थोड्या तिरक्या ठेवल्या आहेत आणि घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवरून काढून येणाऱ्याच्या मागे लावले आहे. गेल्या महिन्यातली चार व्हर्बॅटिमे, नावे आणि गावे बदलून, तयार आहेत. येत्या रविवारी अकराच्या सुमारास घेऊन येतो. लाल पेन्सिल संपत आली होती, म्हणून नवी आणत आहे.

आपला विद्यार्थी,
पंढरपूर तालुक्यातला एक गणिताचा शिक्षक