टेबलावरचा तो एक कागद

प्रिय ताई,

२०२३ च्या जानेवारीत माझी नोकरी गेली, त्याला आता वर्ष झालं. या वर्षात तुम्हाला फोन केले, मेसेज केले, पण नीट बसून आभार मानायचे राहूनच गेले. हे पत्र उघडपणे लिहितेय, कारण तुम्ही मला जे शिकवलंत ते एच-१बीवर, म्हणजे कंपनीच्या अर्जावर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर, अमेरिकेत राहणाऱ्या आणखी कुणाच्या तरी वेळेवर कामी यावं असं मनापासून वाटतं.

तुम्हाला तो रविवार आठवतो का? २२ जानेवारी. दोन दिवसांपूर्वी माझा कामाचा शेवटचा दिवस झाला होता. तुम्ही कॅलिफोर्नियात, आम्ही न्यू जर्सीत, आणि ओळख म्हणाल तर एका मैत्रिणीने दिलेला तुमचा नंबर एवढीच. तुम्ही इमिग्रेशनच्या वकील. रविवारचा वेळ दिलात आणि फीचा विषय काढला तर म्हणालात, "ते नंतर. आधी टेबलावर काय काय आहे ते दाखवा."

टेबलावर रबरबँडने बांधलेले दोन पासपोर्ट होते, जुना आणि नवा. जुन्यात व्हिसाचा शिक्का, सप्टेंबर २०२४ पर्यंतचा. शेजारी कंपनीच्या अर्जाच्या मंजुरीचा कागद, तोही सप्टेंबर २०२४ पर्यंतचा. मी निश्चिंतपणे सांगितलं की व्हिसा अजून दीड वर्ष आहे, कंपनीने तीन महिन्यांचा पगार भरपाई म्हणून दिलाय, म्हणजे ते तीन महिने संपले की पुढे, नोकरी गेल्यावर इथे राहायला मिळतात ते साठ दिवस. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग अगदी हळू आवाजात म्हणालात, "यातलं एकही गृहीत बरोबर नाही. पण घाबरू नका, आपण वेळेत बोलतोय."

व्हिसाचा शिक्का हा दारातून आत येण्यासाठी असतो, आत किती दिवस राहायचं ते आय-९४, म्हणजे प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची सरकारी नोंद, ठरवतं, हे इतकी वर्षं या देशात राहून मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. आणि भरपाईचे पैसे म्हणजे नोकरी नव्हे. साठ दिवस मोजायचे ते ज्या दिवसापर्यंतचा प्रत्यक्ष पगार मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. माझ्या बाबतीत २१ जानेवारी ते २१ मार्च. ही सवलतसुद्धा २०१७ च्या जानेवारीत नियमात आली. त्याआधी एच-१बीवाल्याची नोकरी गेली की असे हक्काचे दिवस नव्हतेच, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा अंगावर काटा आला.

मग तुम्ही आय-९४ काढायला सांगितलंत. सरकारी साइटवर पासपोर्टचा नंबर टाकला, पान उघडलं आणि मी तारीख वाचून दाखवली: ३ मार्च २०२३. तुम्ही म्हणालात, "पुन्हा वाचा." पुन्हा तेच. डिसेंबर २०२१ मध्ये भारतातून परतले तेव्हा माझा जुना पासपोर्ट ३ मार्च २०२३ ला संपणार होता, म्हणून विमानतळावरच्या अधिकाऱ्याने मुक्कामही तेवढाच दिला होता. पुढे मी पासपोर्ट नवा करून घेतला, पण नव्या पासपोर्टने आय-९४ वाढत नाही. आणि मंजुरीच्या कागदावर काहीही असलं तरी नंतरच्या प्रवेशाला मिळालेली तारीख चालते. सवलत साठ दिवसांची, पण त्याआधी आय-९४ संपत असेल तर तिथपर्यंतच. म्हणजे माझ्याकडे साठ नव्हे, बेचाळीस दिवस होते.

तो क्षण मी विसरू शकत नाही. तुम्ही विचारलं नसतंत तर ४ मार्चपासून आमची स्थिती बेकायदेशीर झाली असती आणि आम्हाला पत्ताही नसता. २१ मार्चपर्यंत वेळ आहे म्हणून मी निवांत मुलाखती देत बसले असते.

एक कोरा कागद घ्यायला लावलात. वरती "३ मार्च" लाल पेनने. खाली पर्याय. मी "नवी नोकरी" लिहायला घेतलं तर तुम्ही थांबवलंत. "पहिला पर्याय परत जाणं लिहा. तो शेवटी लिहिला की माणूस भीतीपोटी चुका करतो." ताई, त्या आठवड्यात मला भेटलेल्या प्रत्येकाने इथे कसं टिकायचं ते सांगितलं. परत जाणं हाही सरळ, कायदेशीर आणि मानाचा मार्ग आहे असं सांगणाऱ्या तुम्ही एकट्या. आणि नुसता धीर नाही दिलात, हिशोब मांडलात. एच-१बीवर साधारण सहा वर्षं राहता येतं, त्यातली सव्वाचार संपली, पावणेदोन उरली. देशाबाहेर घालवलेले दिवस त्यातून वजा होत नाहीत. नव्या एच-१बींचा दरवर्षी ठरलेला कोटा असतो, त्यात एकदा मोजलं गेलं की त्या उरलेल्या काळासाठी पुन्हा लॉटरीत नाव घालावं लागत नाही. शिवाय मुदतीआधी कामावरून काढलं तर मायदेशी परतीचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. तो फक्त माझा, नवऱ्याचा आणि मुलाचा नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. त्या रात्री नवरा आणि मी पहिल्यांदा न भांडता बोललो. गेलो तर जाऊ, हे एकदा बोलून टाकल्यावर दोघांनाही झोप लागली.

त्याखाली नवी नोकरी. नव्या कंपनीचा अर्ज ३ मार्चच्या आत सरकारकडे पोचायला हवा. त्याआधी कामगार खात्याकडून पगाराबाबतचा कागद मंजूर व्हावा लागतो, त्यात कामाचे सात दिवस जातात. तुम्ही कॅलेंडरवर उलटे मोजलेत, मध्ये प्रेसिडेंट्स डेची सुट्टी धरलीत आणि फेब्रुवारीच्या मध्यावर रेघ मारायला लावलीत: इथपर्यंत ऑफर हातात हवी. त्याखाली बी-२, म्हणजे पाहुण्याचा दर्जा. ऑफर आली नाही तर त्याच मुदतीत दर्जा बदलण्याचा अर्ज, आय-५३९, भरायचा. अर्ज वेळेत आणि खरा असेल तर निकालापर्यंत थांबता येतं, पण काम करता येत नाही. तारीख चुकली तर काय, हेही न लपवता सांगितलंत. १९९६ च्या कायद्याने, १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं तर तीन वर्षं, वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिलं तर दहा वर्षं परत येता येत नाही. आमचा उशीर काही दिवसांचा असता म्हणून ही वेळ आली नसती, पण नवा अर्ज मंजूर होऊनही आय-९४ नसता मिळाला आणि बाहेर जाऊनच परत यावं लागलं असतं.

एका गोष्टीसाठी मी तुमची कायम ऋणी राहीन. त्याच आठवड्यात एका माणसाने मला सुचवलं होतं की काम न करता कागदावर त्याच्या कंपनीत नाव घालू, पगाराच्या स्लिपा निघतील, स्टेटस टिकेल. खरं सांगते, मी दोन दिवस त्याचा विचार केला होता. तुम्हाला चाचरत विचारलं. तुमचा आवाज त्या एकदाच चढला. "सरकारला जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं सिद्ध झालं तर ती बंदी तीन किंवा दहा वर्षांची नसते, कायमची असते. बेचाळीस दिवस हातात असताना आयुष्यभराचं ओझं घेऊ नका." मी त्या माणसाचा नंबर तिथल्या तिथे काढून टाकला.

ऑफर १३ फेब्रुवारीला आली. अर्ज २८ तारखेला पोचला, मुदतीच्या तीन दिवस आधी, आणि नवऱ्याचा व मुलाचा एच-४ चा, म्हणजे एच-१बीवाल्याच्या कुटुंबीयांच्या दर्जाचा, अर्ज त्याच पाकिटात. प्रत्येकाचा आय-९४ वेगळा असतो म्हणून तुम्ही मुलाचाही तपासायला लावला होतात, नाहीतर आम्ही माझ्याच तारखेत अडकलो असतो. अर्ज पोचल्याची पावती आली आणि मी कामावर रुजू झाले. मंजुरीसाठी थांबावं लागत नाही, ही २००० सालच्या कायद्याची सोय, तीही तुम्हीच सांगितलेली.

फी तुम्ही शेवटपर्यंत घेतली नाहीत. दुसऱ्या कुणाला त्याचे आय-९४ बघायला लावा, म्हणालात. आतापर्यंत सहा जणांना लावलंय. त्यातल्या एकाची तारीख खरोखरच पासपोर्टला अडकलेली निघाली. त्याला थेट वकिलाकडे पाठवलं, कारण प्रत्येकाचे कागद वेगळे असतात हे मी तुमच्याकडूनच शिकले.

गेल्या महिन्यात आम्ही भारतातून परतलो. नेवार्कला सामानाच्या पट्ट्याजवळ उभं राहून, बॅगा यायच्या आधी मी फोनवर तिघांचे आय-९४ उघडले. तिन्ही तारखा बरोबर होत्या. मुलगा विचारत होता, आई काय वाचतेस इतकं. तुम्हाला तिथूनच फोन लावणार होते, पण तुमच्याकडे रात्रीचे तीन वाजले होते.

तुमची,
बेचाळीस दिवसांची अशील