गोठ्यातल्या माणसाचा ताप

संपादक महोदय,

ठाण्यात पावसाळ्यात कुणाला ताप आला की हिवताप, डेंग्यू, लेप्टो यांच्या तपासण्या होतात आणि ते योग्यच आहे. परंतु तो माणूस दिवसभर काय काम करतो, हे बहुतेक वेळा विचारले जात नाही. त्यामुळे जनावरे गाभडवणारा आणि त्यांच्याकडून माणसाला जडणारा ब्रुसेलोसिस हा जंतुजन्य आजार निसटतो.

कळव्याजवळ आमचा म्हशींचा गोठा आहे. गेल्या वर्षी एक म्हैस आठव्या महिन्यात गाभडली (तिचा गर्भपात झाला), वार (गर्भाचे वेष्टन) आत अडकली आणि आमच्याकडे बारा वर्षे काम करणाऱ्या माणसाने ती नेहमीप्रमाणे उघड्या हाताने काढली. वैरण कापताना बोटाला पडलेली चीर तेव्हा भरलेलीही नव्हती. तीन आठवड्यांनी त्याला रोज संध्याकाळी ताप चढू लागला. रात्री घामाने सदरा भिजे आणि कंबर इतकी धरली की धार काढायला उकिडवे बसवेना. एका दवाखान्यात विषमज्वराची, दुसऱ्यात हिवतापाची औषधे झाली. दोन महिन्यांनी एका डॉक्टरांनी कामाची चौकशी केली, ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी करवली आणि निदान झाले. त्यानंतर सलग सहा आठवडे दोन प्रतिजैविके घ्यावी लागली, कारण औषध मध्येच सोडले तर हा आजार उलटतो. कोपरापर्यंतचे हातमोजे मी आधीच आणून ठेवायला हवे होते, ही खंत मला आहे.

दूध उकळले की ब्रुसेलोसिसचे जंतू मरतात, त्यामुळे गिऱ्हाईक बचावते. मात्र वार, गर्भजल आणि मेलेले रेडकू यांत ते सर्वाधिक असतात आणि हे सारे उचलणारा माणूस उघडाच राहतो. केंद्राच्या 2019 पासूनच्या पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच या आजाराची लस मोफत टोचली जाते. पण आमच्याकडच्या म्हशी गुजरात, हरियाणातून मोठ्या होऊनच येतात. तेव्हा खरेदीच्या वेळीच रक्त तपासायला हवे आणि गाभडलेली म्हैस गुपचूप दुसऱ्याच्या दावणीला बांधून मोकळे होण्याची आमच्या धंद्यातली रीत थांबायला हवी. रोगट जनावर दिसायला धडधाकट असते. घेणाऱ्याला काही कळत नाही.

जनावरे हाताळण्याच्या कामातून जडणारे संसर्गजन्य रोग 1923 च्या कामगार भरपाई कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य म्हणून नोंदलेले आहेत, हे गोठ्यात राबणाऱ्यांपैकी किती जणांना कुणी सांगितले असेल? निदानच झाले नाही, तर भरपाई मागणार कशाच्या आधारावर?

महापालिकेच्या दवाखान्यांत केसपेपरवर नाव आणि वयाखाली रुग्णाचे काम लिहून घ्यावे आणि गोठा, कत्तलखाना किंवा शेळीपालन असे उत्तर आल्यास रेंगाळलेल्या तापात ब्रुसेलोसिसची तपासणी तेथेच करून मिळावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक दूध व्यावसायिक, कळवा (जि. ठाणे)